अजून न आलेल्या संसारासाठी ब्रांच निवडताना

(पत्राचा गोषवारा. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.)

पत्रलेखिका चोवीस वर्षांची आहे. मराठवाड्यातल्या एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तिची इंटर्नशिप संपत आली आहे. नीट पीजीत, म्हणजे पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत, मधली रँक आली. तेवढ्यावर राज्यात कुठेतरी जनरल सर्जरी मिळेल, पॅथॉलॉजीही मिळेल. त्वचारोग किंवा रेडिओलॉजी हवी असेल तर वर्षभर ड्रॉप घेऊन परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. सर्जरीच्या पोस्टिंगमध्ये ती रमली होती. रात्री दोन वाजता अपेंडिक्सच्या केसला असिस्ट करून बाहेर आल्यावर झोप आली नाही, ती आनंदाने, असं ती लिहिते. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. आई आणि मावशीचं म्हणणं असं, की लग्न, मुलंबाळं यांचा विचार आत्ताच करावा, त्वचा किंवा रेडिओलॉजी घ्यावी, फार तर गायनॅक, सर्जरी नको. युनिटमधल्या (एकत्र काम करणाऱ्या डॉक्टरांच्या गटातल्या) एक वरिष्ठ मॅडमही तेच म्हणाल्या. पत्रलेखिकेचं लग्न ठरलेलं नाही, मनात कोणी नाही, पण मुलं मात्र हवी आहेत, ‘दोन तरी’. प्रश्न असे: सर्जरी घेणं हा स्वार्थ आहे का? पुढच्या संसाराचा आत्ताच विचार करणं हा वेडेपणा आहे का? आणि ता. क. म्हणून एक: स्थळं बघायला सुरुवात झाली आहे, बायोडेटात काय लिहू?

प्रिय डॉक्टर,

अजून इंटर्न असलीस तरी कॅज्युअल्टीत पेशंट तुला याच नावाने हाक मारतात, म्हणून मीही मारते.

संसाराचा आत्ताच विचार करणं वेडेपणाचं नाही. तुला मुलं हवी आहेत हे तू न लाजता लिहिलंस, ते फार बरं केलंस. महत्त्वाकांक्षी मुलींनी मुलांची हौस लपवायची आणि मुलांची हौस असलेल्यांनी महत्त्वाकांक्षा लपवायची, असा एक चमत्कारिक रिवाज आपल्याकडे आहे. तू दोन्ही एकाच कागदावर मांडलंस. स्वार्थाचा प्रश्न मी सोडूनच देते. चांगला सर्जन कमी असलेल्या जिल्ह्यात सर्जन होऊ पाहणाऱ्या मुलीला तो विचारायची वेळ यावी, हेच मला अवघड वाटतं.

माझी शंका वेगळी आहे. तुझ्या घरी जे गणित मांडलं जातंय, त्यातले आकडे कुठून आले? सर्जरी म्हणजे रात्र, त्वचा म्हणजे दिवस, रेडिओलॉजी म्हणजे वातानुकूलित खोली, गायनॅक म्हणजे ‘बायकांसाठी बरं’. हे आकडे मावशीने मावशीला सांगितलेले आहेत. ते एकदा तपासून बघू.

उत्तर लिहिण्याआधी मी ओळखीतल्या काही डॉक्टर बायकांशी बोलले. त्यात तालुक्याच्या गावी नवऱ्याबरोबर हॉस्पिटल चालवणारी एक स्त्रीरोगतज्ज्ञ होती. खाली हॉस्पिटल, वर घर, असं आपल्याकडे ठिकठिकाणी दिसतं तसं. ‘सर्जरी नको, फार तर गायनॅक’ हे वाक्य ऐकून ती इतकी हसली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. बाळंतपण काही वेळ घेऊन येत नाही. हर्नियाचा पेशंट सोमवारी या म्हटलं तर सोमवारी येतो. कळा सुरू झालेली बाई तशी येत नाही. तिच्या गावात सिझेरियन करणारी ती एकटी. मुलगी लहान असताना रात्री कितीदा जिना उतरली याचा हिशेब तिने ठेवला नाही. आणि तरी ही ब्रांच मुलींना ‘घर सांभाळून करता येईल’ म्हणून सुचवली जाते. पेशंट बायका असल्या की काम आपोआप सोयीचं होतं, असा काहीतरी समज यामागे असावा.

त्वचारोगाचं बघ. इमर्जन्सी जवळजवळ नाही, हे खरं. पण खाजगी दवाखान्यात गर्दी कधी असते? संध्याकाळी सहा ते नऊ आणि शनिवार-रविवार, म्हणजे नोकरदार पेशंट सुटतात तेव्हा. तुझी मुलं शाळेतून घरी येतील, अभ्यासाला बसतील, नेमकी तीच वेळ. मी जिच्याशी बोलले ती त्वचारोगतज्ज्ञ सकाळभर घरात मोकळी असते, तेव्हा मुलं शाळेत. तिला तक्रार नाही. तिने तिसरीपर्यंत संध्याकाळी एकच तास बसायचं ठरवलं होतं आणि कमाई तेवढी कमी धरली होती. रेडिओलॉजीत घरी बसून रिपोर्टिंग करता येतं, ही खरोखर मोठी सोय आहे. पण स्वतःचं सेंटर काढायचं तर मशीनचं कर्ज आणि १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईमागे भरायचा ‘एफ’ फॉर्म, तपासणीला येणारी पथकं हे सगळं मालकाच्या डोक्यावर. मोठ्या हॉस्पिटलात नोकरी धरली तर अपघाताचे सीटी रात्रीच येतात. भूलतज्ज्ञाची केस संपली की काम संपतं, पेशंट डोक्यात घेऊन घरी जावं लागत नाही. मात्र छोट्या शहरात तोच माणूस चार हॉस्पिटलांच्या हाकेवर असतो.

आता सर्जरी. शिकवणाऱ्या महाविद्यालयात सहायक प्राध्यापक असलेल्या सर्जनच्या युनिटचा इमर्जन्सीचा वार ठरलेला असतो. त्या दिवशी घरी कोणीतरी हवं, बाकीचे दिवस बऱ्यापैकी माणसात. स्तनाच्या किंवा थायरॉइडच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनची बहुतेक यादी आदल्या आठवड्यातच लागलेली असते. उलट, तालुक्यात एकटीने सर्जिकल हॉस्पिटल काढलंस तर पोटात भोसकलेला, झाडावरून पडलेला, आतडं पिळवटलेला, सगळे तुझ्याच दारात येणार. डिग्री दोघींची एकच, एमएस जनरल सर्जरी, पण दिवस अगदी वेगळे. थोडक्यात, दिनक्रम ब्रांच ठरवत नाही. तू कुठे, कोणाबरोबर आणि कोणत्या रीतीने काम करतेस, त्यावरून तो ठरतो. आणि हे तुला आत्ता ठरवायचंच नाही, चार-पाच वर्षांनी ठरवायचं आहे.

अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ साली नोबेल मिळालं ते बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा हिशेब मांडल्याबद्दल. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा तुझ्या कामाचा आहे. शिक्षण आणि नोकरी सारखी असूनही पहिल्या मुलानंतर नवरा-बायकोच्या कमाईत फट पडते. जी कामं लांबलचक आणि अवेळी तासांसाठी जास्तीचे पैसे मोजतात, ज्यांत तुमच्या जागी दुसरं कोणी चालत नाही, तिथे ही फट मोठी असते. तिथल्या औषधविक्रेत्यांचं उदाहरण त्या देतात. पूर्वी हा धंदा मालकाच्या छोट्या दुकानांचा होता, मग मोठ्या साखळ्या आल्या, पेशंटची माहिती संगणकावर गेली, एका फार्मासिस्टच्या जागी दुसरा उभा राहू शकला. तासागणिक पगार सारखा मिळू लागला आणि फट कमी झाली. आपली वैद्यकी अमेरिकेसारखी नाही, हे मान्य. पण यातून निघणारा प्रश्न इथेही लागू पडतो: रात्री तुझा पेशंट दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल का? तीन-चार सर्जन मिळून चालवतात त्या हॉस्पिटलात सोपवता येतो. ‘पेशंट मलाच मागतात’ हे वाक्य अभिमानाने म्हणणारे आपले कितीतरी डॉक्टर स्वतःच्या हाताने स्वतःला बांधून घेतात. तू ते म्हणायला लागशील तेव्हा सावध राहा.

आता ड्रॉपबद्दल. ‘सोयीची’ ब्रांच फुकट मिळत नाही, हे घरच्या चर्चेत आलेलं दिसत नाही. ती मिळवण्यासाठी एक आख्खं वर्ष द्यायचं, तेही घरी बसून, प्रश्नपेढ्या सोडवत, आणि रँक सुधारेल याची खात्री नाही. त्वचा आणि रेडिओलॉजीच्या जागा प्रवेशाच्या पहिल्याच फेऱ्यांत संपतात, हे तू मला सांगायला हवंस, मी तुला नाही. यंदा सर्जरीला लागलीस तर तीन वर्षांनी, साधारण अठ्ठाविसाव्या वर्षी एमएस होशील. ड्रॉप घेऊन त्वचेला लागलीस तर एकोणतिसाव्या वर्षी. ज्या वर्षांची काळजी म्हणून हे सगळं चाललंय, त्यातलंच एक वर्ष आधी खर्च करायचं, हा हिशेब मला तरी उमगला नाही. बंधपत्राची (शिक्षणानंतर सक्तीने करायची सरकारी) सेवा दोन्ही वाटांवर आहेच.

वयाचं मात्र टाळता येत नाही, आणि ‘हल्ली काय, चाळिशीतही मुलं होतात’ असं म्हणून मी तुला फसवणार नाही. पस्तिशीनंतर घसरण वेगाने होते, हे तू शिकली आहेस. स्त्रीबीज गोठवून ठेवण्याची सोय आहे, २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याखाली नोंदणी झालेल्या केंद्रांत ती कायदेशीरपणे मिळते. पण गोठवलेलं बीज म्हणजे हमखास मूल नव्हे, आणि खर्चही बराच. तो एक उपाय म्हणून माहीत असू दे, त्यावर सगळं नियोजन टेकवू नकोस. तुझ्या बाबतीत वय खरोखर आडवं येईल ते सुपरस्पेशालिटीपाशी. त्या पदवीची, एमसीएचची, आणखी तीन वर्षं धरली तर तू सहज बत्तिशीला पोचतेस. तिथे कदाचित तुला निवड करावी लागेल: आधी मूल मग एमसीएच, की उलट, की एमसीएच नकोच. पण तो अठ्ठावीस वर्षांच्या, तीन वर्षं शस्त्रक्रिया करून हात बसलेल्या बाईचा निर्णय आहे. चोवीस वर्षांच्या मुलीने तो तिच्यासाठी आधीच उरकून ठेवू नये.

रेसिडेन्सीची, म्हणजे एमएस करतानाची, तीन वर्षं कठीण जातील, यात मात्र मावशीचं काही चुकलेलं नाही. जेआर वनचं (ज्युनिअर रेसिडेंटचं) पहिलं वर्ष म्हणजे सलग तीस-छत्तीस तासांची ड्युटी, जेवणाची शाश्वती नाही, ओरडा खायचा तो वेगळाच. सर्जरीत बायका अजून कमी असल्याने ‘मॅडम, रिट्रॅक्टर धरा, बाकी राहू द्या’ असा सल्लाही मिळतो. त्या वर्षात लग्न केलंस तर नवऱ्याला तू दिसणार नाहीस. मूल या काळात होऊ दिलं तर पदव्युत्तर विद्यार्थिनींना प्रसूती रजा मिळते. मात्र ८० टक्के हजेरीची अट असते. रजेने ती मोडली की मुदत वाढते आणि परीक्षा पुढच्या सत्रावर जाते. बऱ्याच जणींनी हे केलंय, सहा महिने मागे राहून. त्यात आभाळ कोसळत नाही. फक्त आधी माहीत असलं की धक्का बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं, ब्रांचपेक्षा महाविद्यालय आणि युनिट निवडण्यावर जास्त डोकं घाल. प्रवेशासाठी पर्यायांची यादी भरताना सगळे नुसत्या नावावर जातात. तू प्रत्येक ठिकाणच्या सध्याच्या रेसिडेंटला फोन कर. युनिटमध्ये किती जण आहेत? माणसं जास्त असली की रात्री वाटल्या जातात. जागा रिकाम्या असतील तर उरलेल्यांच्या बोडक्यावर येतात. दुसऱ्या वर्षात स्वतःच्या हाताने काय काय करू देतात? मुलींना ओटीत (शस्त्रक्रियागृहात) उभं करतात की वॉर्डात कागद भरायला? रजा घेतलेली कोणी मुलगी आहे का, आणि ती पास झाली का? ड्युटीच्या वेळी मुलींना झोपायला कडी लागणारी खोली आहे का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोचू नकोस. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर महाविद्यालयात ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरची हत्या झाल्यानंतर तो विचारण्यात कोणाला काही वावगं वाटण्याचं कारण उरलेलं नाही.

युनिटमधल्या त्या मॅडमना पुन्हा भेट. त्यांनी ‘नको’ म्हटलं, त्याचं कारण तू पत्रात लिहिलेलं नाहीस. बहुधा विचारलंही नाहीस. त्यांना सर्जरी नको होती, की त्यांच्या वाट्याला आली त्या परिस्थितीतली सर्जरी नको होती? दोन्हींत फरक आहे. शिवाय फक्त थकलेल्या रेसिडेंटला विचारून चालणार नाही. मूल दोन वर्षांचं असलेली सर्जन एक सांगेल, मूल बारावीला असलेली दुसरंच सांगेल. मी जिच्याशी बोलले त्या पन्नाशीतल्या सर्जनचं म्हणणं असं, की वाईट वर्षं फार तर सात-आठ होती, आणि त्यानंतरची वीस-बावीस वर्षं ती जे करते ते तिला मनापासून आवडतं. चर्चा मात्र सगळी त्या सात-आठ वर्षांचीच होते. ती वर्षं कशी काढली, तर शेजारच्या मावशींना पूर्ण पगार देऊन, पहिल्या मुलाच्या वेळी सासूबाईंच्या आणि दुसऱ्याच्या वेळी पाळणाघराच्या जिवावर, आणि एक इमर्जन्सी क्लिनिक सरळ बंद करून. त्या वर्षांत कमाई निम्म्यावर आली होती, हेही तिने सांगितलं. असं सविस्तर सांगणारी एक तरी शोधच.

तुझ्या पत्रात एक माणूस कुठेच नाही. नवरा. अजून तो नाही, हे खरं; पण तुमच्या घरच्या गणितात तो पुढेही कुठे दिसत नाही. रात्रीची इमर्जन्सी आली तर बाळाकडे कोण बघणार, हा प्रश्न विचारला गेला आणि उत्तर म्हणून तुझी ब्रांच बदलली गेली. बाळाला वडील असतील, हे कोणाच्या लक्षातच आलं नाही! तुझा भाऊ इंजिनिअरिंग करतोय असं तू लिहिलं आहेस. त्याने कुठल्या कंपनीत जावं हे त्याच्या होणाऱ्या मुलांकडे बघून ठरवलं का, असं एकदा जेवताना विचारून बघ. भांडायला नाही, गंमत म्हणून. त्याच्या बाबतीत हा प्रश्न किती विचित्र वाटतो, ते सगळ्यांना एकदम ऐकू येईल.

डॉक्टरांच्या लग्नाच्या बाजारात तर ब्रांचलाच मागणी असते. मुलगा ऑर्थो, घरचं हॉस्पिटल, अनॅस्थेशिया केलेली सून हवी. किंवा सासरे सर्जन, मुलगा सर्जन, गायनॅकची जागा रिकामी आहे. मी अशा जाहिराती वाचते तेव्हा मला स्थळ कुठलं आणि रिक्त पद कुठलं, ते कळेनासं होतं. यातली काही घरं चांगली असतात, आयतं हॉस्पिटल मिळणं ही लहान गोष्ट नाही. पण जे घर तुझ्याकडे ब्रांच म्हणून बघतं, त्या घरात मूल झाल्यावर तुला रजा कोण देणार? मालक सासरे असतील तर राजीनामाही देता येत नाही.

तेव्हा मुलगा भेटेल त्याला ‘माझ्या करिअरला तुझा पाठिंबा आहे ना?’ असं विचारू नकोस. त्याला नाही म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही. उत्तर देताना चुकता येईल असे प्रश्न विचार. रात्री दोनला मला बोलावणं आलं आणि बाळ जागं झालं, तर सकाळी सातला तुझी मीटिंग असताना काय करशील? मला कोल्हापुरात चांगलं युनिट मिळालं आणि तुझी नोकरी पुण्यात, तर कोण हलणार? आजारी पडल्यावर तुझ्या आईची सेवा कोण करतं सध्या? हॉस्टेलवर असताना स्वतःचे कपडे कोण धूत होतं? उत्तर काय येतं यापेक्षा तो प्रश्नावर विचार करतो की हसून उडवतो, ते बघ. माझ्या मते तुझ्या पुढच्या तीस वर्षांच्या रात्री कशा जाणार, हे सर्जरी की त्वचा यापेक्षा या माणसावर जास्त अवलंबून आहे. आणि त्याची निवड अजून व्हायची आहे. मग जे आधी हातात आलंय ते त्याच्या नावाने सोडून का द्यायचं?

आईबद्दल थोडं. पत्रात एका ओळीत तू लिहून गेलीस, की आईने मुख्याध्यापकपदाची बढती नाकारली, कारण बदली लांबच्या तालुक्यात होती आणि तुम्ही लहान होतात. म्हणजे तिच्या सल्ल्यामागे तिचं स्वतःचं आयुष्य आहे. तिने जे केलं ते कोणाच्या मदतीशिवाय केलं, आणि तुलाही तसंच एकटीने करावं लागणार, असं ती धरून चालली आहे. तिच्याशी सर्जरीवर वाद घालू नकोस. तिला एवढंच विचार, की त्या वेळी काय मिळालं असतं तर ती बढती घेता आली असती? पाळणाघर, बाबांची बदली, आजीची साथ, दोन-चार हजार रुपये जास्तीचे? जे उत्तर येईल ती तुझ्या पुढच्या तयारीची यादी आहे. एक मात्र, ‘आई आहेच की सांभाळायला’ हे तिला न विचारता धरून चालू नकोस. निवृत्तीनंतर तिला कदाचित काशीला जायचं असेल, किंवा नुसतं दुपारचं झोपायचं असेल.

कायद्याचं आणि पैशांचं लवकर सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात (तो आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे) २०१७ साली दुरुस्ती झाल्यापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे निदान ८० दिवस काम झालेलं हवं. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं बंधनकारक आहे. पण हे नोकरदारांना. मोठ्या खाजगी हॉस्पिटलांत बरेच तज्ज्ञ ‘कन्सल्टंट’ म्हणून करारावर असतात, पेशंटमागे पैसे घेतात. ते कागदोपत्री कर्मचारी नसतात, त्यामुळे रजाही नाही आणि पगारही नाही. राज्याच्या सेवेत १८० दिवसांची प्रसूती रजा आणि वेगळी बालसंगोपन रजाही आहे. म्हणून मूल होण्याच्या काळापुरती महाविद्यालयातली किंवा सरकारी नोकरी धरायची आणि नंतर खाजगीत यायचं, असं करणाऱ्या बायका आहेत, आणि मला ते शहाणपणाचं वाटतं. आरोग्यविम्यात बाळंतपणाचा खर्च लगेच मिळत नाही, बऱ्याच पॉलिसींत दोन ते चार वर्षं थांबावं लागतं. लग्न ठरायच्या आधीच तो कागद वाचून ठेव. आणि स्टायपेंड सुरू झाल्यापासून थोडे पैसे फक्त स्वतःच्या नावावर बाजूला टाक. पुढे पूर्णवेळ मदतनीस ठेवायची की नाही, हे घरच्यांच्या मर्जीवर न राहता तुझं तुला ठरवता यावं, यासाठी.

पॅथॉलॉजी किंवा त्वचा वाईट, असं यातून काढू नकोस. तुला मायक्रोस्कोपखाली डोळा लावून बसायला आवडत असतं, तर मी उलट पत्र लिहिलं असतं. घरच्यासाठी वेळ हवा म्हणून शांत काम निवडणारी मुलगी कमी धडाडीची नसते, आणि तसं कुणी म्हटलं तर मला राग येतो. पण तुझ्या पत्रात पॅथॉलॉजीबद्दल एक ओळ आहे आणि त्या अपेंडिक्सबद्दल अर्धं पान. बाळंतपणाची रजा संपेल तेव्हा सहा महिन्यांच्या बाळाला सोडून कामावर जायचं असतं. नावडत्या कामासाठी ते करणं फार जड जातं. मग रजा वाढते, आणि ‘सोयीची’ म्हणून घेतलेली ब्रांच आधी सुटते. हे मी डॉक्टरांपेक्षा बँकेत आणि शाळांत जास्त पाहिलं आहे.

तुझ्यासारखी आणखीही पत्रं येतात. सीएची आर्टिकलशिप करणारी मुलगी ऑडिट सोडून आत्ताच ‘साधी’ नोकरी शोधतेय, आयटीतली मुलगी बढतीचा अर्ज भरत नाहीये कारण दोन वर्षांनी लग्न होईल असं घरी चाललंय, एक जण राज्यसेवा सोडून शिक्षक भरतीकडे वळतेय कारण तहसीलदाराच्या बदल्या होतात. त्यांनाही मी हेच सांगेन, की आत्ता अर्ज भरा, परीक्षा द्या, ऑडिटला जा. सोडायची वेळ आलीच तर ती समोर मूल, माणूस आणि घरभाडं दिसत असताना येऊ द्या. कौशल्य आणि पद हातात असलेल्या बाईला वेळ कमी करून मागता येतो, नवशिकीला नाही. बारा वर्षांच्या अनुभवाच्या सर्जनने ‘मी आठवड्यात तीनच दिवस ओटी करेन’ म्हटलं तर हॉस्पिटल ऐकतं. आणि सल्ला सदर वाचणारे मुलगे असतील तर त्यांनीही आपलं करिअर ठरवताना एक ओळ मुलांसाठी राखून ठेवावी. दोघांनी थोडं थोडं सोडलं तर एकीला सगळं सोडावं लागत नाही.

पर्यायांची यादी भरताना वरचे क्रमांक स्वतःच्या मनाने भर. युनिट चांगलं असलेल्या ठिकाणची सर्जरी वर, युनिट वाईट असेल तिथली सर्जरी खाली, आणि पॅथॉलॉजी जिथे खरोखर घ्यायची तयारी असेल तिथेच. घरच्यांना बरं वाटावं म्हणून नको असलेली जागा यादीत टाकू नकोस. ती लागली आणि मग सोडायची म्हटलं, की दंड आणि पुढच्या फेऱ्यांचे नियम आडवे येतात. माहितीपत्रक स्वतः वाच; सीनियरने सांगितलेले नियम गेल्या वर्षीचे असतात.

राहिला ता. क. बायोडेटात ‘एमएस जनरल सर्जरी (प्रवेश प्रक्रिया सुरू)’ असं ठळक लिही, आणि त्याखाली ‘पुढेही सर्जरीच करणार’ हेही. मावशी म्हणेल, अशाने स्थळं कमी येतील. येऊ देत कमी. ज्यांना पळायचं ते फोनवरच पळतील, आणि तेवढे कांदेपोहे वाचतील.